जुन्या ट्रेलरची पाण्याची व्यवस्था : १९७२ सालचा ओव्हरलँडर

रूपेरी_गाडी

नमस्कार मंडळी. यंदा आम्ही ओहायोत एका वृद्ध गृहस्थांकडून १९७२ सालचा, २७ फूट लांबीचा एअरस्ट्रीम ओव्हरलँडर विकत घेतला. ज्यांना हे प्रकरण नवे आहे त्यांच्यासाठी सांगते, की मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचा आणि मुक्कामाला गेल्यावर घर म्हणून वापरायचा हा ट्रेलर आहे. त्याचे कवच रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहे. आत ओटा, झोपण्याची जागा, मागच्या टोकाला न्हाणीघर आणि पुढच्या सोफ्याखाली पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. कंपनीचा कारखाना १९५२ पासून याच राज्यातल्या जॅक्सन सेंटर या गावी आहे, त्यामुळे आमच्या भागात असे जुने ट्रेलर अधूनमधून विक्रीला येतात.

बाहेरून गाडी देखणी आहे. मात्र बागेतल्या नळाची रबरी नळी तिच्या बाहेरच्या तोंडाला जोडून पाणी सोडले, तेव्हा काही क्षणांतच पलंगाखालून सूं असा आवाज आला आणि पाणी जमिनीवर पसरले. पलंगाची फळी काढून पाहिली. चाकाची पेटी (चाकावरचा पत्र्याचा कप्पा) आत येते त्या जागी तांब्याचा पाइप तिच्यावरून वळसा घेऊन गेला आहे, आणि त्या वळशाच्या खालच्या अंगाला पाइप लांबीच्या दिशेने फाटला आहे. चीर बोटाच्या पेराएवढी असून तिच्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या आहेत. न्हाणीघराच्या भिंतीमागेही हिरवट पुटे चढलेला एक कोपरजोड दिसतो, पण तिथपर्यंत हात पोहोचत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. फाटलेला तुकडा तेवढा कापून नवा बसवावा, की सगळेच पाइप बदलावेत? मूळ तांबे राखण्यात काही अर्थ आहे का? आणि पंप, गीझर, टाकी यांपैकी आधी कशाला हात घालावा? घरातले छोटेमोठे नळकाम मी आणि माझे यजमान करत आलो आहोत, परंतु चालत्या घराचे काम दोघांनाही नवे आहे.

नळकोंडाळे

ताई, तुम्ही चिरेचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे कारण सांगणे सोपे झाले. बाहेर वळलेल्या कडा आणि लांबीच्या दिशेने गेलेली चीर ही गोठण्याची खूण आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते हे आपण शाळेत शिकतो. पण पाइप बहुधा बर्फाच्या थेट रेट्याने फाटत नाही. बर्फाचा बूच एका जागी तयार होतो आणि वाढत जाताना पुढचे, अजून न गोठलेले पाणी बंद नळाकडे ढकलतो. त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब इतका चढतो, की जिथे धातू कच्चा असेल तिथे तो फुटतो. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फाटलेली जागा आणि गोठलेली जागा एकच असेल असे नाही. दुसरी, एक चीर दिसली म्हणजे एकच चीर आहे असे मुळीच समजू नये.

तुमचा पाइप चाकाच्या पेटीवरून वळसा घेतो हे खरे दुखणे आहे. पूर्वीच्या मालकांनी हिवाळ्याआधी पाइपांतले पाणी काढून टाकले असेलही, परंतु पेटीच्या एका बाजूला सोडनळ (पाणी बाहेर सोडण्याचा नळ) आणि दुसऱ्या बाजूला पाइपाचा खोलगट भाग असेल, तर पाणी चढ ओलांडून परत येत नाही आणि तिथेच राहते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. तुकडा बदलून हा दोष जाणार नाही, मांडणी बदलावी लागेल. नवी मांडणी करताना पाणी नळापर्यंत कसे जाईल हा विचार सगळेच करतात. तुम्ही प्रत्येक फूट पाइपातून पाणी बाहेर कसे पडेल, याचा विचार आधी करा.

मात्र त्याहीआधी जमीन तपासा. या ट्रेलरांत प्लायवूडची जमीन पोलादी सांगाडा आणि वरचे कवच यांच्यामध्ये कडेने पकडलेली असते. गळलेले पाणी नेमके त्या कडेपाशी साचते, आणि विनाइलचा थर वरून शाबूत दिसत असताना खालचे लाकूड भुसभुशीत झालेले असते. एक टोच्या घ्या आणि भिंतीच्या कडेकडेने, विशेषतः न्हाणीघरात आणि मागच्या भिंतीला लागून, दर वीतभर अंतरावर टोचत जा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुतते, कुजलेल्या लाकडात ते सहज आत जाते आणि बाहेर काढताना ओलसर काळा भुसा येतो. मागची कड कुजली असेल तर कवच आणि सांगाडा यांची पकड सुटू लागते. तेव्हा नळकाम बाजूला ठेवून जमीन आधी दुरुस्त करावी लागेल. हे पाइप बसवून झाल्यावर लक्षात येणे फार महागात पडते.

तांबट_आळी

नळकोंडाळे यांच्या निदानाशी मी सहमत आहे, परंतु सगळे तांबे काढून टाकण्याची घाई होऊ नये असे वाटते. तांब्याचे पाइप पन्नास वर्षे टिकले आहेत. जे फुटले ते थंडीने फुटले, धातूच्या दोषाने नव्हे. उंदीर तांबे कुरतडत नाहीत, उन्हाने ते खराब होत नाही आणि त्याला वास येत नाही. शिवाय एखाद्याला गाडी जशी होती तशी उभी करायची असेल, तर ओट्याखाली दिसणारे चकचकीत तांबे हा तिच्या मूळ रूपाचा भाग आहे.

सोल्डरचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या जोडांसाठी शिसेयुक्त सोल्डरवर १९८६ च्या कायद्याने बंदी आली. त्यापूर्वी निम्मे शिसे आणि निम्मे कथील असे सोल्डर सर्रास वापरत. तुमची गाडी १९७२ ची आहे, म्हणजे प्रत्येक जोडात शिसे आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे. ट्रेलरमध्ये पाणी आठवडेच्या आठवडे पाइपात उभे असते, त्यामुळे शिसे उतरायला वेळही भरपूर मिळतो. जुने पितळी नळही यात आले. २०१४ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या भागात शिसे सरासरी ०.२५ टक्क्यांहून जास्त नसावे लागते. जुन्या पितळाचे प्रमाण त्याहून बरेच जास्त असू शकते.

नळकोंडाळे

तांबट_आळी, शिशाचा मुद्दा तुम्हीच मांडलात आणि त्यातच तुमच्या पहिल्या परिच्छेदाचे उत्तर आहे. शिसे घालवायचे तर सगळे जोड सोडवून पुन्हा करावे लागतील. ते करायचे म्हणजे पन्नास वर्षे वाळलेल्या प्लायवूडला आणि भिंतीतल्या इन्सुलेशनला खेटून ज्योत लावायची. मोकळ्या टेबलावर तांबे झाळणे वेगळे आणि कपाटात मान घालून झाळणे वेगळे. त्यात आणखी एक धोका आहे, जो घरात येत नाही. तांब्यावरून ठिबकलेले पाणी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पडत राहिले, तर तांब्याचे सूक्ष्म कण पत्र्यावर बसतात आणि तिथे ॲल्युमिनियम खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ले जाते. ॲल्युमिनियमच्या गाडीत गळका तांब्याचा पाइप हा म्हणून दुहेरी शत्रू आहे.

पेक्सचा, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचा, पाइप घ्यावा असे माझे सांगणे आहे. तो लवचीक असल्यामुळे लांबच्या लांब तुकडा विनाजोड नेता येतो, रस्त्यावरचे हादरे सोसतो आणि आत पाणी गोठले तरी बऱ्याचदा फुगून पुन्हा मूळ आकाराला येतो. याचा अर्थ त्यात पाणी ठेवून हिवाळा काढावा असा नाही, कारण त्याचे जोड, नळ आणि पंप फुटायचे ते फुटतातच. त्याचे दोष हेही आहेत, की ऊन त्याला सोसत नाही आणि उंदरांना तो आवडतो.

सीपीव्हीसी_समर्थक

मी नाशिकला असतो आणि येथे एका मित्राच्या टेंपो ट्रॅव्हलरमध्ये पाण्याची सोय करून दिली होती. आपल्याकडे गरम पाण्याला सीपीव्हीसी हा ताठ प्लॅस्टिकचा पाइप सगळीकडे मिळतो, स्वस्त आहे, चिकटवायला सोपा आहे. तो ट्रेलरमध्ये का चालणार नाही?

नळकोंडाळे

उभ्या इमारतीत तो उत्तमच आहे. चालत्या गाडीत मात्र तो ताठपणामुळे मार खातो, कारण सांगाडा पिळवटतो तेव्हा पाइप न वाकता ताण जोडावर देतो, आणि थंडीत तो ठिसूळही होतो. नाशिकच्या हवेत थंडीचा प्रश्न नाही, पण खड्ड्यांचा आहेच. पंपाच्या दोन्ही बाजूंना आणि लांब सरळ पाइपांच्या मध्ये लवचीक नळीचे तुकडे घातले असतील तर मित्राची गाडी चालू द्या.

रूपेरी_गाडी

सर्वांचे आभार. टोच्याची चाचणी केली. न्हाणीघराच्या उजव्या कोपऱ्यात, त्या हिरव्या कोपरजोडाच्या बरोबर खाली, साधारण दोन फूट लांब आणि हातभर रुंद भाग पोचट निघाला. मागची कड सुदैवाने टणक आहे. यजमानांनी कुजका भाग कापून काढला आहे आणि नवा तुकडा इपॉक्सी पाजून, खालून आधाराची पट्टी देऊन बसवणार आहोत. त्यासाठी न्हाणीघरातले सामान बाहेर काढावे लागले, आणि आता सगळे पाइप उघडे दिसत असल्याने ते बदलण्याचा निर्णय आपोआप झाला. ओट्याखालचा एक दर्शनी तुकडा मात्र मी नुसता शोभेला ठेवणार आहे, तांबट_आळी यांच्या समाधानासाठी.

आता जोडांबद्दल विचारते. दुकानात तांब्याच्या रिंगा, स्टीलच्या पट्ट्या आणि नुसते ढकलून बसणारे जोड असे तीन प्रकार दिसले. कोणते घ्यावेत?

नळकोंडाळे

तिन्ही चालतात, पण तिन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. मोकळ्या जागी तांब्याची रिंग घ्या. पाइप काटकोनात, करवतीने नव्हे तर पाइपकटरने कापा. रिंग आधी पाइपावर चढवा, जोड पूर्ण आत सारा आणि रिंग पाइपाच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटर आत ठेवून दाबा. नंतर प्रत्येक रिंगेवर गेज, म्हणजे रिंग पुरती दाबली का हे तपासायची खाचांची पट्टी, फिरवून पाहा. गेजची एक खाच रिंगेवर बसली पाहिजे आणि दुसरी बसता कामा नये. हा सोपस्कार वाटतो, पण निम्मी दाबलेली रिंग सुरुवातीला गळत नाही आणि पहिल्या लांब प्रवासात गळते. जिथे क्रिंपरचे, म्हणजे रिंग दाबायच्या हत्याराचे, दोन लांब दांडे उघडायला जागा नाही, तिथे स्टीलची पट्टी घ्या, कारण तिचे हत्यार एका बाजूने बसते. ढकलून बसणारे जोड महाग असतात. ते मी फक्त तिथे वापरतो जिथे पुढेमागे सोडवावे लागेल, आणि भिंतीआड कधीच ठेवत नाही.

नळांच्या खाली प्लॅस्टिकच्या फिरत्या टोपीचा, आत शंकूसारखा वॉशर असलेला जोड येतो. तो हाताने घट्ट करायचा आणि पान्ह्याने फार तर किंचित. तिथे टेफ्लॉन टेप लावायचा नाही, कारण पाणी वॉशर अडवतो, आटे नव्हे. रबरी नळीच्या आट्यांचेही तेच आहे. निमुळत्या पाइप-आट्यांना टेप लागतो. सरळ आट्यांना वॉशर लागतो. एवढा फरक लक्षात ठेवला तर निम्म्या गळत्या होणारच नाहीत.

मांडणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरे काम तिथे आहे. टाकी पुढे, न्हाणीघर मागे आणि मध्ये चाकाची पेटी, अशी तुमची गाडी आहे. पेटीवरून वळसा टाळता येत असेल तर पाइप पेटीच्या आतल्या बाजूने, जमिनीलगत न्या. टाळता येत नसेल तर पेटीच्या दोन्ही बाजूंना, गार आणि गरम अशा दोन्ही पाइपांवर, सर्वांत खालच्या जागी जमिनीतून आरपार जाणारा सोडनळ द्या. म्हणजे चार सोडनळ झाले. त्यांवर बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि त्यांच्या मुठी पलंगाची फळी उचलल्यावर लगेच हाताला येतील अशा ठेवा, कारण ज्या नळापर्यंत पोहोचायला कपाट रिकामे करावे लागते तो नोव्हेंबरच्या संध्याकाळी कोणी उघडत नाही. पाइप क्लिपांनी बांधताना त्याला सोडनळाकडे बोटभर तरी उतार द्या. गाडी समतल उभी असताना उतार तपासा, नाहीतर अंगणाचा उतार तुम्हाला फसवेल.

वीजतंत्री

पंपाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. साठच्या दशकातल्या बऱ्याच ट्रेलरांत पंपच नसे. बंद टाकीत हवा भरून तिच्या दाबाने पाणी नळाला येई. तुमच्या गाडीत १२ व्होल्टचा, रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा पंप असावा. नवा घ्यायचा असेल तर मिनिटाला सुमारे ३ गॅलन (११ लिटर) पाणी देणारा आणि ४५ ते ५५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) दाबाला आपोआप बंद होणारा पंप या आकाराच्या गाडीला पुरतो.

नवा पंप बसवूनही धार बारीक येते अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात नसून तारेत असते. असा पंप पूर्ण दाबाला सुमारे ७ अँपिअर घेतो. जुनी बारीक तार आणि गंजलेली अर्थिंग यांतून जाताना १२ पैकी दीड-दोन व्होल्ट वाटेतच गळतात. पंप चालू असताना, बंद असताना नव्हे, त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.५ आणि पंपावर ११ दिसले तर तार बदला. मी १४ गेजची, आणि अंतर लांब असेल तर त्याहून जाड, १२ गेजची तांब्याची तार घेतो, आणि पंपाला १० अँपिअरचा वेगळा फ्यूज देतो. अर्थिंगची तार ॲल्युमिनियमच्या कवचाला रिव्हेटने अडकवून भागवू नये. ती थेट फ्यूजपेटीच्या ऋण पट्टीपर्यंत न्यावी.

पंपाच्या आधी जाळीचा गाळक हवाच, नाहीतर टाकी बनवताना राहिलेला प्लॅस्टिकचा भुगा पंपाच्या झडपेत अडकतो. पंपाच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट लवचीक नळी द्या आणि त्याच्या रबरी पायांचे स्क्रू करकचून आवळू नका. रबर चेपले की पंपाची सगळी घरघर जमिनीत उतरते आणि मध्यरात्री कोणी हात धुतले तरी घर जागे होते.

हाच पंप गळती शोधायलाही कामाला येतो. सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा आणि शांतपणे ऐका. दाब भरल्यावर तो थांबला पाहिजे आणि थांबूनच राहिला पाहिजे. दर काही मिनिटांनी तो क्षणभर कुरकुरत असेल तर पाणी कुठेतरी निसटते आहे. अशा वेळी पंपाच्या लगेच पुढे असलेला व्हॉल्व्ह बंद करा. कुरकुर तशीच राहिली तर दोष पंपाच्या झडपेचा आहे, थांबली तर गळती पुढच्या पाइपांत आहे.

रूपेरी_गाडी

याच झडपेशी संबंधित एक विचित्र प्रकार आमच्याकडे झाला. फाटलेला भाग बंद करून बाहेरच्या नळाचे पाणी पुन्हा लावले होते. टाकीत आम्ही थेंबही भरला नव्हता, तरी तासाभराने टाकीच्या हवेच्या नळीतून गाडीखाली धार लागली.

वीजतंत्री

हा प्रकार विचित्र दिसतो, पण नेहमीचा आहे. बाहेरचे पाणी पंपाच्या पुढच्या पाइपात येते, आणि ते उलटे टाकीकडे जाऊ नये यासाठी पंपात एक नॉन-रिटर्न झडप असते. तिच्यात कचरा अडकला किंवा रबर कडक झाले की बाहेरचे पाणी पंपातून मागे जाऊन टाकी भरते आणि वरून वाहू लागते. पंप नवा घेणार असाल तर प्रश्न मिटला. तरीही पंपाच्या पुढे एक वेगळी पितळी नॉन-रिटर्न झडप बसवून ठेवा. बाहेरच्या तोंडातही अशीच एक झडप असते. ती निकामी झाली की पंप चालू असताना पाणी त्या तोंडातून बाहेर गळते.

नळकोंडाळे

बाहेरच्या तोंडाचा विषय निघालाच आहे तर दाबाचे बघा. मुक्कामाच्या जागांवर पाण्याचा दाब कुठे ३० पीएसआय असतो, तर कुठे १०० च्या वर. जुन्या गाडीला ४० ते ५० च्या वर जाऊ देऊ नका. गेज असलेला, स्क्रूने बसवता येणारा नियामक घ्या. बोटाएवढे स्वस्त पितळी नियामक दाबाबरोबर पाण्याची धारही मारतात. नियामक गाडीच्या तोंडाशी न लावता मुक्कामाच्या नळाला लावा, म्हणजे तुमची रबरी नळीही वाचते. नळी पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असलेलीच घ्या, बागेची नको.

तांबट_आळी

टाकीबद्दल दोन शब्द. ४० गॅलनची टाकी भरली की तिचे वजन जवळजवळ १५० किलो वाढते आणि तुमची टाकी पुढे असल्याने त्यातले बरेच वजन मोटारीच्या कपलिंगवर येते, हे ओढणाऱ्या गाडीचा हिशेब करताना धरा. टाकीची हवेची नळी कोरडी आहे आणि उघडी आहे याची खात्री करा. मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्यांना ही बारीक तोंडे फार आवडतात. नळी बुजली की भरताना पाणी उलटे उसळते आणि पंप चालू असताना टाकीच्या भिंती आत खेचल्या जातात. टाकीला आट्यांच्या जवळ तडा गेला असेल तर गोंद लावत बसू नका. टाकीच्या प्लॅस्टिकला, म्हणजे पॉलिथिलीनला, गोंद धरत नाही. ते वितळवून जोडावे लागते किंवा टाकी बदलावी लागते.

रूपेरी_गाडी

टाकी शाबूत आहे, नळी बुजलेलीच होती. तारेने उकरल्यावर वाळलेल्या मातीचे ढेकूळ आणि त्यात कोळ्यांचे कोरडे सांगाडे निघाले. आता गीझर. गॅसवर चालणारा, ६ गॅलनचा आहे. मूळचा नसून मागच्या मालकांनी कधीतरी बदललेला दिसतो. त्याच्या बाहेरच्या दारामागे खाली एक मोठा बोल्ट आहे आणि वरच्या झडपेतून थेंब थेंब पाणी येते.

नळकोंडाळे

दोन प्रकारचे गीझर तुम्हाला भेटतील आणि त्यांत गल्लत करू नये. एकाची टाकी पोलादी, आतून काचेचा मुलामा दिलेली असते. सबर्बन कंपनीचे गीझर असे असतात. त्यात खालच्या बोल्टला मॅग्नेशियमची किंवा ॲल्युमिनियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकी वाचवते. ती काढायला १ १/१६ इंचाचा सॉकेट लागतो. दर वर्षी काढून पाहा आणि तीन चतुर्थांश झिजली असेल तर बदला. दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे ॲटवूडची, टाकी ॲल्युमिनियमची असते. तिला कांडी नसते आणि बूच प्लॅस्टिकचे असते. तिथे हौसेने पितळी बूच बसवणाऱ्यांनी टाकीचे आटे खाऊन घालवले आहेत. बोल्ट काढण्याआधी गॅस बंद करा, पाणी थंड होऊ द्या आणि दाब सोडा. वाफाळलेल्या सहा गॅलनांसमोर चेहरा धरून कोणी बसू नये.

वरच्या झडपेचे थेंब म्हणजे ती बिघडली असे लगेच ठरवू नका. पाणी तापले की फुगते, आणि त्या फुगण्याला जागा म्हणून टाकीच्या माथ्याशी हवेचा थर असतो. तो थर कालांतराने पाण्यात विरघळून जातो आणि मग वाढलेला दाब झडपेतून बाहेर पडतो. गीझर बंद करून थंड करा, बाहेरचे पाणी आणि पंप बंद करा, एक गरम नळ उघडून दाब सोडा. मग झडपेची कळ उचलून पाणी थांबेपर्यंत धरा आणि कळ खाली सोडा. हवेचा थर परत तयार होतो. यानंतरही गळतच राहिली तर झडप बदला. ती कधीही बूच मारून बंद करू नका.

गीझरच्या आतबाहेर जाणाऱ्या पाइपांना तीन व्हॉल्व्हांची बगल, म्हणजे पाणी गीझरला टाळून जाईल असा आडमार्ग, द्या. त्याचा उपयोग थंडीत कळेल.

कॅलगरीचा_गारठा

थंडीचे मी सांगतो, आमच्याकडे तिची कमतरता नाही. टाकी, गीझर आणि सगळे सोडनळ उघडून पाणी जाऊ द्या, नळ उघडे ठेवा. मग बाहेरच्या तोंडाला हवेचा जोड लावून, दाब ४० पीएसआयच्या आत ठेवून, एकेक नळ उघडत पाणी फुंकून काढा. शॉवर, संडासाची झडप आणि बाहेरचा नळ विसरू नका. एवढ्यावर मी थांबत नाही, कारण पंपाच्या पोटात आणि सांडपाण्याच्या वळणांत पाणी उरतेच. सोडनळ बंद करा, गीझरला बगल द्या आणि पंपाने गुलाबी, न गोठणारे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे द्रव प्रत्येक नळातून, गार आणि गरम दोन्हींतून, गुलाबी धार येईपर्यंत ओढा. बगल दिली नसेल तर पहिले सहा गॅलन गीझरच्याच पोटात जातात. मोटारीच्या रेडिएटरचे हिरवे द्रव वापरू नका. त्यातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. शेवटी प्रत्येक वळणात थोडे गुलाबी द्रव ओता.

नळकोंडाळे

भिंती आणि कपाटे परत बसवण्यापूर्वी चाचणी घ्या. आधी हवेने : गेज लावून ३० ते ४० पीएसआय भरा आणि व्हॉल्व्ह बंद करा. काटा पाव तास हलला नाही तर जोड घट्ट आहेत. हलला तर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा. प्लॅस्टिक पाइपात याहून जास्त दाबाची हवा भरू नका, कारण हवा दाबून ठेवलेली स्प्रिंग असते आणि सुटलेला जोड उडतो. मग पाण्याने नेहमीच्या दाबावर चाचणी करा, आणि प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल ठेवून रात्रभर सोडा. न दिसणारा थेंब कागदावर दिसतो.

निर्जंतुकीकरणासाठी साधे, सुगंध नसलेले ब्लीच वापरा. प्रचलित प्रमाण १५ गॅलनला पाव कप, म्हणजे ढोबळमानाने लिटरला १ मिलिलिटर. हे ५ ते ६ टक्के तीव्रतेच्या ब्लीचचे प्रमाण आहे. ८ टक्क्यांचे मिळाले तर त्याच्या दोन-तृतीयांश घ्या. बादलीत पाण्यात मिसळून मग टाकीत ओता, टाकी भरा, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा आणि किमान चार तास तसेच राहू द्या. नंतर पूर्ण रिकामे करून वास जाईपर्यंत धुवा. ॲल्युमिनियमच्या टाकीचा गीझर असेल तर त्याला बगल देऊन ठेवा. वास घालवायला व्हिनेगर वापरणारे लोक आहेत. ते ब्लीच संपूर्ण धुऊन गेल्यावरच, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

जुनी_गाडी_नवा_मालक

माझ्याकडे १९८४ चा वेगळ्याच कंपनीचा ट्रेलर आहे. त्यात राखाडी प्लॅस्टिकचे पाइप आहेत आणि अजून गळत नाहीत. ते तसेच ठेवावेत का?

नळकोंडाळे

ते पॉलिब्युटिलीन या प्लॅस्टिकचे असण्याची दाट शक्यता आहे. १९७८ पासून नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत ते घरांत आणि ट्रेलरांत खूप वापरले गेले. पाण्यातल्या क्लोरीनने पाइप आणि त्याचे प्लॅस्टिकचे जोड आतून ठिसूळ होतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यावरून खटले झाले आणि १९९५ मध्ये मोठी नुकसानभरपाई ठरली. पाइपावर ‘पीबी’ ही अक्षरे छापलेली आहेत का ते पाहा. असतील तर पुढच्या मोठ्या कामाच्या वेळी सगळेच बदला, आणि तोवर गाडीपासून दूर जाताना बाहेरचे पाणी बंद करून जा.

रूपेरी_गाडी

हवेची चाचणी झाली. काटा पहिल्यांदा हळूहळू उतरत होता. साबणाच्या पाण्याने शोधल्यावर दोष आमच्या एकाही रिंगेत न सापडता शॉवरच्या जुन्या मिश्रकाच्या (गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळाच्या) दांडीपाशी सापडला. तिथे बारीक फेस धरत होता. मिश्रक शिसे नसलेला नवा आणला आहे. चारही सोडनळ पलंगाच्या फळीखाली हाताशी आले आहेत आणि पेटीवरचा वळसा गेला आहे.

एक शेवटचे विचारते. आमच्या गाडीला मैल्याची टाकी आहे, पण ओटा आणि शॉवरचे सांडपाणी थेट खाली सोडलेले आहे. त्याचे काय करावे?

नळकोंडाळे

तुमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत सांडपाण्याला वेगळी टाकी नसे, ते उघड्यावर जाई. आता बहुतेक मुक्कामांच्या जागी हे चालत नाही. सांगाड्याच्या पोटात टाकी बसवता येते, परंतु जमीन पुन्हा उघडावी लागेल आणि शॉवरचा निचरा इतका खाली असतो, की उतार मिळवणे अवघड जाते. या मोसमापुरती चाकांची हातटाकी घ्या. शॉवरच्या निचऱ्याच्या पातळीखाली ती सरकते ना, हे विकत घेण्याआधी मापून पाहा, कारण जरा उंच टाकी घेतली की पाणी तिच्यात न जाता शॉवरमध्येच उभे राहते.